टेक्ससमध्ये सैनिकांनी हँडगन परवान्याची फी माफ कशी करून घ्यावी

टेक्सस राज्यात हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी सर्वसाधारण अर्जदाराला ४० डॉलर भरावे लागतात, तर अमेरिकी सैन्यदलात सध्या सेवेत असलेल्या व्यक्तीला हीच फी पूर्णपणे माफ असते. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन परिसरातल्या मराठी घरांतली, तिथेच जन्मलेली किंवा लहानपणी आलेली काही मुले-मुली आता लष्करात, नौदलात किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यदलात, आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कागदपत्रांची फाईल सांभाळणाऱ्या आई-वडिलांसाठी ही माहिती इथे सविस्तर देत आहे. सवलत कायद्यात स्पष्ट लिहिलेली असली, तरी अर्जात योग्य वर्ग निवडून त्याचा पुरावा जोडल्याशिवाय ती पदरात पडत नाही. शिवाय एकदा भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून या सगळ्या प्रकरणात खरी काळजी पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचण्याआधी घ्यायची असते.

या परवान्याचे अधिकृत नाव ‘लायसन्स टु कॅरी’ असे आहे आणि बोलताना सगळे त्याला एलटीसी म्हणतात. तो राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडून, म्हणजे डीपीएसकडून मिळतो. १९९५ साली झालेल्या कायद्यानुसार १९९६ पासून टेक्ससमध्ये लपवून हँडगन बाळगण्याचे परवाने सुरू झाले. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना हँडगन उघडपणे, होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात किंवा खांद्याच्या पट्ट्यात), बाळगण्याचीही मुभा मिळाली आणि परवान्याच्या नावातला ‘लपवून’ हा भाग गळून पडला. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘सीएचएल’ हा शब्द ऐकू येतो, तो याच परवान्याचे जुने नाव आहे. फीदेखील पूर्वी चांगलीच जड होती. २०१७ च्या १ सप्टेंबरपर्यंत नव्या परवान्याला १४० डॉलर पडत असत, त्या दिवसापासून ती ४० डॉलरवर आली.

परवाना मुळात घ्यावा का

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. त्यामुळे परवाना कशाला घ्यायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की सैनिकाने तो घ्यावाच, कारण फी नसताना मिळणारे फायदे खरोखर उपयोगाचे आहेत. टेक्ससचा परवाना इतर अनेक राज्ये मान्य करतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याने बंधन आहे, पण त्या राज्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला त्यातून सूट मिळते. शहरातल्या कुठल्याही रस्त्याने जाताना आपण केव्हा एखाद्या शाळेपासून १,००० फुटांच्या आत आलो हे कळतसुद्धा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या सुटीची किंमत कळते. टेक्ससमध्ये दुकानातून बंदूक विकत घेताना होणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीऐवजी हा परवाना चालतो. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेत चुकून हँडगनसह गेलेल्या परवानाधारकाने, सांगितल्याबरोबर मागे फिरल्यास त्याला राज्याच्या कायद्यात संरक्षण मिळते. ते परवाना नसलेल्याला मिळत नाही. केंद्रीय यंत्रणेचा दंड मात्र त्याने टळत नाही.

फी कोणाला माफ आणि कोणाला कमी

टेक्ससच्या शासकीय संहितेतील ४११.१९५१ हे कलम या सवलतीचा पाया आहे. त्यात तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत आणि आपण नेमके कुठे बसतो हे आधी ठरवावे.

पहिला गट सध्या सेवेत असलेल्यांचा. यात केवळ पूर्णवेळ सैनिक येत नाहीत, तर रिझर्व्ह (राखीव दल), नॅशनल गार्ड आणि स्टेट गार्ड (राज्याचे स्वतःचे दल) यांचे सदस्यही येतात. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कवायतीला जाणाऱ्या, एरवी आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या गार्ड सदस्याला अनेकदा वाटते की ही सवलत ‘खऱ्या’ फौजेतल्यांसाठी असावी. तसे नाही. कायद्याने त्याला पूर्णवेळ सैनिकाच्या बरोबरीने ठेवले आहे आणि त्याची फीसुद्धा शून्य आहे. दुसरा गट सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्यांपैकी ज्यांच्या सेवामुक्तीला अर्जाच्या तारखेपर्यंत ३६५ दिवस पूर्ण झालेले नाहीत त्यांचा. त्यांनाही फी पूर्ण माफ आहे. तिसरा गट सन्मानपूर्वक सेवामुक्त होऊन ३६५ दिवसांपेक्षा जास्त काळ लोटलेल्यांचा. त्यांना नव्या परवान्यासाठी आणि नूतनीकरणासाठी २५ डॉलर पडतात, आणि परवाना हरवल्यावर घ्यायची दुसरी प्रत किंवा त्यात करायचा बदल यांची फी निम्मी होते. पहिल्या दोन गटांना तर दुसरी प्रत, बदल आणि नूतनीकरण यांपैकी कशाचीच फी नाही.

तेव्हा नोकरी सोडण्याच्या बेतात असलेल्या सैनिकाने हा अर्ज रजेवर असतानाच, म्हणजे सेवेच्या शेवटच्या जोडरजेत, उरकून घ्यावा. त्या काळात तो कायद्याने अजून सैन्याचा सदस्यच असतो आणि सेवेत असल्याचा पुरावाही हाताशी असतो. ते जमले नाही, तर सेवामुक्तीच्या दाखल्यावरच्या तारखेपासून ३६५ दिवस मोजून त्याच्या आत अर्ज करावा. मोजणी अर्जाच्या तारखेपर्यंत होते, परवाना हातात पडण्याच्या तारखेपर्यंत नव्हे.

सवलत अर्जदाराच्या स्वतःच्या सेवेवर अवलंबून आहे. सैनिकाच्या पत्नीला किंवा पतीला ती लागू होत नाही. दोघांनी एकाच दिवशी शेजारी बसून अर्ज भरला, तरी सेवेत नसलेल्या जोडीदाराला ४० डॉलर भरावेच लागतात.

फी माफ म्हणजे पात्रता माफ नव्हे

सैनिकी गणवेश घातलेल्याला हा परवाना आपोआप मिळतो, असा समज काही घरांत आढळतो. वस्तुस्थिती अशी की पात्रतेच्या सगळ्या अटी सैनिकालाही तशाच लागू होतात. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला नसणे, मागच्या पाच वर्षांत ‘अ’ किंवा ‘ब’ वर्गाच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेला नसणे, न्यायालयाच्या संरक्षण आदेशाखाली नसणे, मुलांच्या पालनपोषणाची रक्कम किंवा राज्याचा कर थकवलेला नसणे, या त्यांतल्या मुख्य अटी आहेत. दारू पिऊन गाडी चालवण्याचे प्रकरण तरुण सैनिकांच्या बाबतीत वरचेवर आडवे येते. टेक्ससमध्ये पहिल्या वेळचा हा गुन्हाही सहसा ‘ब’ वर्गाचा असतो आणि त्यामुळे परवान्याची वाट पाच वर्षे बंद होते. दहा वर्षांत दारू किंवा अमली पदार्थांशी निगडित गुन्ह्यांत दोनदा दोषी ठरल्यास कायदा त्या व्यक्तीला व्यसनाधीन मानतो आणि अपात्र ठरवतो.

बेअब्रू करून सैन्यातून काढून टाकलेल्या व्यक्तीला, म्हणजे ‘डिसऑनरेबल डिस्चार्ज’ मिळालेल्याला, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्याचीच मनाई आहे, तेव्हा तिथे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वयाबद्दल थोडे सांगायला हवे. कायद्यात परवान्यासाठी किमान वय २१ लिहिलेले आहे, पण सेवेत असलेल्या आणि सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्यांना ते १८ आहे. बारावी होऊन थेट सैन्यात गेलेल्या मुलाला याचाच आधार होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससमधील एका केंद्रीय न्यायालयाने १८ ते २० वर्षांच्या इतर प्रौढांना वयाच्या कारणावरून रोखणे घटनाबाह्य ठरवले आणि राज्याने पुढे अपील सोडून दिले, त्यामुळे हा फरक आता पूर्वीसारखा तीव्र राहिलेला नाही. मात्र २१ वर्षांखालील परवानाधारकाचा परवाना दुसरे राज्य मान्य करेलच असे नाही. काही राज्ये परवाना मान्य करतानाही धारकाचे वय २१ असण्याची अट घालतात.

नागरिकत्वाविषयी आपल्या लोकांकडून हमखास प्रश्न येतो. ग्रीन कार्डधारक सैन्यात भरती होऊ शकतो आणि इतर अटी पूर्ण करत असल्यास हा परवानाही मागू शकतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र काही मोजके अपवाद वगळता केंद्रीय कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही, आणि घरात एखादा सैनिक असल्याने त्यात काही फरक पडत नाही. मुलगा सैनिक आणि आई-वडील व्हिसावर, असे घर असेल तर हँडगन कुलूपबंद ठेवून किल्ली मुलाकडेच राहील याची दक्षता घ्यावी.

कागद जमवणे

सध्या सेवेत असलेल्याने सेवेचा चालू पुरावा हाताशी ठेवावा. सैनिकी ओळखपत्राच्या प्रती काढण्यावर केंद्रीय कायद्याने मर्यादा आहेत, म्हणून ते ओळखपत्र कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, प्रशिक्षण देणाऱ्या खासगी केंद्राला ‘रेकॉर्डसाठी’ देऊ नये. डीपीएसने ज्या स्वरूपात पुरावा मागितला असेल त्याच स्वरूपात तो त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून चढवावा.

माजी सैनिकाचा सगळा भार डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या दाखल्यावर असतो. हा दाखला दिसायला एका पानाचा, बारीक चौकटींनी भरलेला कागद आहे, आणि त्यातली २४ क्रमांकाची चौकट या कामासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. तिथे सेवेचे स्वरूप लिहिलेले असते आणि तिथे ‘ऑनरेबल’ असा शब्द असायला हवा. सेवामुक्तीची तारीख १२ व्या चौकटीतल्या ‘ब’ ओळीत सापडते. ३६५ दिवसांची मोजणी तिथून करावी. अडचण अशी होते की सेवामुक्त होताना या दाखल्याच्या अनेक प्रती निघतात आणि सैनिकाच्या हातात एक छोटी व एक मोठी अशा दोन येतात. छोट्या प्रतीत, म्हणजे ‘मेंबर-१’ मध्ये, सेवेचे स्वरूप सांगणारा खालचा भागच छापलेला नसतो. तो भाग मोठ्या प्रतीत, ‘मेंबर-४’ मध्ये असतो. घाईत छोटी प्रत चढवली, तर सन्मानपूर्वक सेवामुक्तीचा पुरावाच जोडला गेला नाही असे होते आणि अर्ज अडकून पडतो. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात प्रतीचे नाव छापलेले असते, ते वाचूनच स्कॅन करावे.

२४ व्या चौकटीत ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ असे लिहिलेले असेल, तर ती सन्मानपूर्वक सेवामुक्तीच आहे असे परस्पर गृहीत धरू नये. सवलतीच्या कलमात शब्द ‘सन्मानपूर्वक सेवामुक्त’ एवढेच आहेत. अशा वेळी अर्ज भरण्यापूर्वी डीपीएसच्या परवाना शाखेला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

नॅशनल गार्डमधून बाहेर पडलेल्यांकडे बहुधा एनजीबी-२२ हा वेगळा दाखला असतो. गार्डमध्ये असताना केंद्रीय सेवेवर बोलावले गेले असेल तर त्या काळाचा डीडी-२१४ही मिळालेला असतो, म्हणून दोन्ही शोधून काढावेत.

दाखला हरवला असल्यास तो सेंट लुईस येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडून विनामूल्य मागवता येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा एसएफ-१८० हा फॉर्म भरून टपालाने पाठवता येतो. पैसे घेऊन हा दाखला ‘लवकर’ मिळवून देण्याच्या जाहिराती इंटरनेटवर दिसतात, त्यांच्या नादी लागण्याचे काहीच कारण नाही. याच केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी मोठी आग लागली होती आणि तीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी नष्ट झाल्या. अलीकडच्या पिढीला त्याची झळ लागत नाही, परंतु एखाद्या वयोवृद्ध शेजाऱ्याला अर्ज भरून देत असाल तर उत्तर यायला उशीर का होतो ते यावरून समजेल.

जुन्या-नव्या कागदांवर लष्करी तळाचे नाव वेगवेगळे दिसले तर घाबरू नये. टेक्ससमधल्या किलीन शहराजवळचे फोर्ट हूड २०२३ मध्ये फोर्ट कॅव्हाझोस झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट हूड झाले. मधल्या काळातल्या कागदांवर मधलेच नाव असणार.

अर्ज भरताना

अर्ज डीपीएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. नाव, जन्मतारीख आणि पत्ता ड्रायव्हिंग लायसन्सवर आहेत तसेच द्यावेत. आपल्या नावांच्या बाबतीत हे मुद्दाम सांगावे लागते, कारण वडिलांचे नाव मधले नाव म्हणून कुठे असते, कुठे नसते, आणि आडनावाच्या स्पेलिंगमधला एखादा ‘एच’ पासपोर्टवर असतो आणि सैन्याच्या दाखल्यावर नसतो. तफावत असेल तर अर्जात इतर नावांच्या रकान्यात ती सगळी रूपे नोंदवावीत. ग्रीन कार्डधारकांनी परदेशी नोंदणी क्रमांक जवळ ठेवावा.

पुढे अर्जदाराचा प्रकार निवडायचा पर्याय येतो आणि इथेच सवलत मिळते किंवा हुकते. सर्वसाधारण, सेवेत असलेला सैनिक, माजी सैनिक अशा पर्यायांतून आपला वर्ग निवडल्यावर पुढच्या पानावरची रक्कम पाहावी. सेवेत असलेल्याला तिथे शून्य दिसले पाहिजे. चाळीस डॉलर दिसत असतील, तर कार्डाचा क्रमांक टाकण्याऐवजी मागे जाऊन वर्ग तपासावा. आधी पैसे भरून टाकू आणि मग परतावा मागू, हा हिशेब चालत नाही, कारण कायद्याने ही फी परत न मिळणारी ठरवली आहे.

अर्ज दाखल झाल्यावर बोटांच्या ठशांसाठी वेळ घ्यावी लागते. हे काम राज्याने नेमलेली खासगी यंत्रणा करते आणि तिचे शुल्क अगदी थोडे असले तरी ते परवान्याच्या फीचा भाग नाही, म्हणून सैनिकालाही ते द्यावे लागते. प्रशिक्षण वर्गाची फी, सरावाच्या मैदानाचे भाडे आणि काडतुसांचा खर्च यांनाही माफी लागू नाही. ‘फी माफ’ वाचून गेलेला माणूस इथे हमखास गोंधळतो, म्हणून घरच्या अंदाजपत्रकात हे खर्च आधीच धरावेत.

प्रशिक्षण आणि गोळीबाराची परीक्षा

वर्गातले प्रशिक्षण ४ ते ६ तासांचे असते. त्यात शस्त्रांविषयीचे आणि प्राणघातक बळाच्या वापराविषयीचे कायदे, हँडगनची सुरक्षित हाताळणी, वाद हिंसेशिवाय मिटवण्याच्या पद्धती आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी साठवण हे विषय येतात. हा भाग ऑनलाइनही पूर्ण करता येतो. बळाच्या वापराचा धडा सैनिकाने विशेष लक्ष देऊन ऐकावा असे मला वाटते, कारण युद्धभूमीवरचे नियम आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमधले नियम यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतराची जाणीव सैन्याच्या प्रशिक्षणात आपोआप होत नाही.

गोळीबाराच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडाव्या लागतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. एकूण २५० गुणांपैकी १७५ मिळाले की उत्तीर्ण. सैनिकासाठी खरी बचत इथे आहे. सध्या सेवेत असलेल्या किंवा सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्या व्यक्तीने अर्जापूर्वीच्या १० वर्षांत सैन्यसेवेचा भाग म्हणून हँडगनचे प्रशिक्षण घेतले असेल, तर तिला मैदानावरच्या या भागातून सूट मिळू शकते. त्यासाठी त्या प्रशिक्षणाची नोंद लागते. युनिटच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याकडून ती नोंद सेवेत असतानाच मागून घ्यावी. बाहेर पडल्यावर तोच कागद मिळवायला दसपट खटाटोप पडतो. केवळ ‘मी सैन्यात होतो’ एवढ्यावर ही सूट मिळत नाही, कारण कित्येक जणांच्या हातात संपूर्ण सेवेत रायफलच असते, पिस्तूल नसते. वर्गातले प्रशिक्षण मात्र या सुटीतही चुकत नाही.

प्रशिक्षकाकडून मिळणारे एलटीसी-१०० हे प्रमाणपत्र, सुटीचा पुरावा आणि सेवेचा पुरावा असे सगळे कागद एकाच खेपेला चढवावेत. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत डीपीएसने परवाना द्यावा किंवा नाकारण्याचे कारण कळवावे, अशी कायद्याची मुदत आहे. ‘पूर्ण भरलेला’ या शब्दांवर सगळे अवलंबून असते. एखादा कागद राहिला असेल तर ही मुदत सुरूच होत नाही. म्हणून अर्जाची स्थिती अधूनमधून ऑनलाइन पाहत राहावे.

परवाना मिळाल्यावर कुठे चालत नाही

लष्करी तळाच्या फाटकाच्या आत टेक्ससच्या परवान्याला काहीही अर्थ उरत नाही. तिथे खासगी शस्त्राबाबत तळाच्या कमांडरचे आदेश चालतात, आणि तळाबाहेर भाड्याने राहणारा सैनिक सकाळी घाईत कमरेचे पिस्तूल तसेच ठेवून गाडीने फाटकाशी आला, तर त्याच्यावर लष्करी कारवाई होऊ शकते. माजी सैनिकांचे रुग्णालय आणि टपाल कार्यालय या केंद्रीय जागांवरही शस्त्राला मनाई आहे. रुग्णालयात तपासणीसाठी नियमित जाणाऱ्या माजी सैनिकाने हे विसरू नये.

राज्याच्या कायद्याने शाळा, मतदान केंद्रे, न्यायालये आणि मुख्यतः दारूविक्रीवर चालणारे बार इथे बंदी आहे. अशा बारच्या दारावर ‘५१ टक्के’ असा ठळक लाल फलक असतो. खासगी दुकाने आणि कार्यालये ३०.०६ आणि ३०.०७ या क्रमांकांचे फलक लावून अनुक्रमे लपवलेल्या आणि उघड्या हँडगनला मनाई करू शकतात. पोलिसांनी ओळखपत्र मागितले आणि त्या वेळी हँडगन जवळ असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत हा परवानाही दाखवावा लागतो.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही राज्ये टेक्ससचा परवाना मानत नाहीत. एडिसनला नातेवाइकांकडे गणपतीला निघालेल्या परवानाधारकाने हँडगन घरीच ठेवावी हे सर्वांत सोपे, कारण न्यू जर्सीतले शस्त्रकायदे फार कडक आहेत आणि टेक्ससमधली सवय तिथे तुरुंगाच्या दारात नेऊ शकते.

भारतात जातानाची खबरदारी तर प्रत्येकाने घ्यावी. सरावाच्या मैदानावर नेलेली पाठीवरची बॅग नंतर प्रवासाला वापरली जाते, तिच्या आतल्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाते आणि परतीच्या वेळी मुंबई किंवा दिल्ली विमानतळावरच्या यंत्रात ते दिसते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना काडतूस बाळगणेसुद्धा गुन्हा आहे आणि टेक्ससचा परवाना तिथे उपयोगी पडत नाही. काडतूस जाणीवपूर्वक ताब्यात नव्हते हे पटल्यास न्यायालये असे गुन्हे रद्द करतात, पण तोपर्यंत विमान निघून गेलेले असते आणि पोलीस ठाणे, वकील, तारखा हे सगळे मागे लागलेले असते. मैदानाची बॅग वेगळी आणि प्रवासाची बॅग वेगळी ठेवावी.

बदली, पत्ता आणि नूतनीकरण

पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत डीपीएसला कळवणे बंधनकारक आहे. एल पासोच्या फोर्ट ब्लिसहून सॅन अँटोनियोला बदली झालेल्या सैनिकाला बदललेल्या पत्त्याचा नवा परवाना मागवायला एक पैसाही लागत नाही, तेव्हा आळस करण्याचे कारण नाही.

पहिला परवाना दिल्याच्या तारखेला चार वर्षे पूर्ण झाल्यानंतर येणाऱ्या पहिल्या वाढदिवसापर्यंत चालतो, आणि नूतनीकरणानंतर तो पाच वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणाला पुन्हा वर्ग किंवा गोळीबाराची परीक्षा नसते. मात्र मधल्या काळात अर्जदाराचा गट बदललेला असू शकतो: पहिल्या वेळी सेवेत असलेला सैनिक आता माजी सैनिक असेल आणि सेवामुक्तीला वर्ष उलटले असेल, तर त्याने जुना वर्ग तसाच न ठेवता माजी सैनिकाचा वर्ग निवडावा, २५ डॉलर भरावेत आणि डीडी-२१४ ची मोठी प्रत जोडावी.